पावसाळ्यानंतर सुरू न होणारी आउटबोर्ड मोटर : देवबाग येथील दुरुस्तीच्या नोंदी, २०२५

होडीच्या मागे बाहेरून लावायची ही मोटर १५ हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी) आणि दोरी ओढून सुरू करायची आहे. पेट्रोलची २४ लिटरची टाकी सुटी असून ती होडीत ठेवतात. मोटर साधारण बारा वर्षे वापरातली आहे. थोरल्या भावाच्या फायबरच्या होडीवर ती कर्ली खाडीत आणि मुखाबाहेर थोड्या अंतरापर्यंत चालते. मी कुडाळला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी घरी येतो. मी मेकॅनिक नाही. खाली लिहिले आहे ते आम्ही दोघांनी घरच्या मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये), हाताशी असलेल्या हत्यारांनी केलेले काम आहे. हेच काम करू पाहणाऱ्याचे निदान आमच्याइतके दिवस जाऊ नयेत, म्हणून चुकाही जशा झाल्या तशा लिहिल्या आहेत.

२७ जुलै, रविवार

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, त्यामुळे मोटर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उतरवून मांगरातल्या लाकडी घोडीवर टांगून ठेवली होती. नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला असल्याने त्याआधी ती तपासून ठेवावी असे ठरवले. मांगराच्या बाहेर २०० लिटरचा कापलेला ड्रम ठेवून, घोडी त्याला लागून उभी केली आणि ड्रममध्ये गोडे पाणी भरले. मोटरचा खालचा भाग पाण्यात बुडाल्याशिवाय दोरी ओढायची नाही हा आमच्याकडचा जुना नियम आहे, कारण मोटर थंड ठेवायला पाणी ओढणारा रबरी इम्पेलर (पाकळ्यांचे चाक) कोरडा फिरला तर काही क्षणांतच त्याच्या पाकळ्या घासून जातात.

पहिल्या अर्ध्या तासात सुमारे चाळीस वेळा दोरी ओढली. मोटरने एकदाही उचल घेतली नाही. त्यानंतर बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी क्रमाने पाहिल्या. बंद करण्याच्या बटणामागची लाल क्लिप जागेवर होती, गिअर न्यूट्रलमध्ये होता, चोकचा दांडा पूर्ण बाहेर येत होता आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता. हा स्क्रू मे महिन्यापासून तसाच उघडा राहिला होता, हे तेव्हा लक्षात आले, पण त्याचा अर्थ लक्षात आला नाही.

पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा कितीही दाबला तरी कडक होत नव्हता. दादाने नळीवरून बोट फिरवत जोडापर्यंत नेले आणि बोट ओले झालेले दाखवले. मोटरकडच्या जोडाच्या आतली रबरी रिंग चिरली होती, त्यामुळे पेट्रोल थेंब थेंब गळत होते आणि हवा आत जात होती. मालवणच्या बाजारातून नवा जोड ४५० रुपयांना आणला. फुगा सहाव्या दाबाला कडक झाला. तरीही मोटर सुरू झाली नाही.

संध्याकाळी ठिणगी पाडणारे दोन्ही प्लग काढून पाहिले. दोन्ही कोरडे होते आणि त्यांना पेट्रोलचा वासही येत नव्हता. ही गोष्ट मी वहीत लिहिली. चोक ओढून इतक्या वेळा दोरी ओढल्यावर प्लग ओले असायला हवेत, हा विचार मात्र त्या दिवशी मनात आला नाही. या एका ओळीकडे लक्ष दिले असते, तर पुढचे आठ दिवस आणि बरेचसे पैसे वाचले असते.

२ ऑगस्ट, शनिवार

आज ठिणगी पाहिली. पेट्रोलची नळी काढून बाजूला ठेवली, प्लगच्या भोकांत फडके घातले, प्लग त्याच्या टोपीत बसवून मोटरच्या अंगाला टेकवला आणि दादाने दोरी ओढली. वरच्या सिलिंडरच्या प्लगवर काहीच दिसले नाही. खालच्या प्लगवर एकदाच पिवळसर, मरतुकडी ठिणगी दिसली. प्लग नवे घातले (दोन मिळून ४४० रुपये), तरी फरक पडला नाही.

यावरून ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी इग्निशन कॉइल गेली असा निष्कर्ष मी काढला आणि रत्नागिरीहून नवी कॉइल मागवली. किंमत ३,४०० रुपये. दुकानदाराने फोनवरच सांगितले की विजेचा भाग एकदा विकला की परत घेतला जात नाही. तो त्याच्या बाजूने बरोबर होता. मी मात्र आणखी एक दिवस तपास करून मगच फोन करायला हवा होता.

५ ऑगस्ट, मंगळवार

कॉइल एसटीच्या पार्सलने आली. मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दुपारी घरी पोहोचलो. जुनी कॉइल काढून नवी बसवायला वीस मिनिटे लागली. परिणाम तोच होता. वरच्या प्लगवर ठिणगी नाही, खालच्यावर कधी आहे, कधी नाही.

आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसलो. मग प्लग जिथे टेकवत होतो ती जागा मी बॅटरीच्या उजेडात नीट पाहिली. त्या जागी मोटरला जाड राखाडी रंग होता आणि रंगाखालून खाऱ्या हवेने आलेली पांढरी भुकटी फुगून वर आली होती. प्लगचे लोखंड मोटरच्या धातूला लागतच नव्हते, ते रंगाला लागत होते. ठिणगी पडायला विजेला परतीची वाट लागते आणि ती वाटच आम्ही दिली नव्हती. सिलिंडर हेडच्या एका बोल्टचे डोके सॅंडपेपरने घासून चकचकीत केले आणि त्यावर प्लग घट्ट टेकवला. दोरी ओढताच दोन्ही प्लगवर निळी, जाड ठिणगी पडली आणि तिचा चट् असा आवाज पावसाच्या आवाजातही ऐकू आला. जुनी कॉइल परत बसवून पाहिली. तिच्यावरही ठिणगी तशीच होती.

म्हणजे कॉइल कधीच बिघडली नव्हती. यात आणखी एक धोका होता. प्लग धातूला न टेकवता वारंवार दोरी ओढली, तर ठिणगीसाठी तयार झालेली वीज भलतीकडे वाट काढते आणि तिच्याने सीडीआयचा डबा (कॉइलला वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) खरोखर जळू शकतो. आमचा जळला नाही. आता प्लग धरून ठेवायच्या ऐवजी दोन टोकांना चिमटे असलेली जाड वायर केली आहे. तिचे एक टोक प्लगच्या लोखंडाला आणि दुसरे घासलेल्या बोल्टला लावतो. हाताला झटकाही बसत नाही.

शेजारच्या वाडीतून कॉम्प्रेशन मोजण्याचा गेज मागून आणला. वरच्या सिलिंडरचा दाब ११०, तर खालच्याचा १०५ पीएसआय भरला. दोन्हींत दहा टक्क्यांहून कमी फरक असल्यामुळे पिस्टन-रिंगांची काळजी मिटली.

६ ऑगस्ट, बुधवार

आज रजा काढली. ठिणगी आहे, दाब आहे, मग राहिले पेट्रोल. उघड्यावर, वारा असलेल्या जागी, ताजे पेट्रोल आणि ऑइल यांचे मिश्रण प्रत्येक प्लगच्या भोकातून अर्धा चमचा आत सोडले, बाहेर सांडलेले पुसले, प्लग बसवले आणि दोरी ओढली. दुसऱ्याच ओढीला मोटर भडकली, दोनेक सेकंद चालली आणि बंद पडली. अकरा दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. अंगणाच्या कडेला उभी असलेली आई आत निघून गेली आणि चहा ठेवून आली.

एवढ्याने मोटरमध्ये दुसरे काही बिघडलेले नाही आणि पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, हे निश्चित झाले. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तळाला, पेट्रोल साठण्याच्या (फ्लोटच्या) वाटीखाली, पेट्रोल सोडण्याचा एक पितळी स्क्रू असतो. त्याखाली काचेचा चहाचा ग्लास धरून स्क्रू सैल केला. दोन बोटे द्रव पडला. पाच मिनिटे ग्लास कठड्यावर ठेवल्यावर त्यात दोन थर स्पष्ट दिसले. वर ऑइलच्या रंगाचे पेट्रोल होते, खाली गढूळ, दुधट पाणी होते आणि अगदी तळाला रव्यासारखे पांढरे कण बसले होते. टाकीतले पेट्रोल बाटलीत काढून पाहिले, तर तिथेही तेच.

कारण समजायला वेळ लागला नाही. मे महिन्यात टाकीत सुमारे ७ लिटर मिश्रण उरले होते आणि वर सगळी जागा रिकामी होती. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. जून-जुलैची कोकणातली हवा उघड्या स्क्रूवाटे दोन महिने टाकीत ये-जा करत राहिली. इथेनॉल पाणी धरून ठेवू शकेल त्या मर्यादेपलीकडे पाणी गेले, की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतली नळीही तळातूनच ओढते. २७ जुलैला नवा जोड लावून मी फुगा कडक केला, तेव्हा त्या तळाच्या पाण्याने मी कार्बोरेटर भरत होतो.

वर उरलेले पेट्रोल गाळून वापरू, असे दादाचे म्हणणे होते. मी नको म्हटले. इथेनॉल खाली गेल्यावर वर राहिलेल्या पेट्रोलची ऑक्टेन पातळी उतरलेली असते, आणि टू-स्ट्रोक मोटरमध्ये अशा पेट्रोलने पिस्टनचे नुकसान होऊ शकते. सात लिटरचे पैसे गेले, ते जाऊ दिले.

दुपारनंतर कार्बोरेटर काढला. काढण्याआधी चोक आणि थ्रॉटल यांच्या दांड्यांचे चारही बाजूंनी फोटो घेतले. दादाने आधी हे फोटो वेळकाढूपणा मानले, पण जोडताना तेच उपयोगी पडले. वाटीच्या चार स्क्रूंपैकी एक जाम होता आणि घाईत चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावल्यामुळे त्याची खाच माझ्या हातून बोथट झाली. गंज सोडवणारे तेल सोडून तो रात्रभर तसाच ठेवावा लागला. जाम स्क्रूला आधी तेल, मग योग्य मापाचे पाते आणि त्यावर हातोडीचा एक हलका ठोका, हा क्रम पाळला असता तर अर्धा दिवस गेला नसता.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी स्क्रू सुटला. वाटीच्या आतल्या बाजूला पांढरा थर आणि पितळी भागांवर हिरवट थर होता. मुख्य जेट (बारीक भोकातून पेट्रोल मोजून सोडणारा भाग) काढून आभाळाकडे धरला. त्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे वर्तुळ दिसायला हवे, तिथे काळोख होता. दादाने सवयीने जाळे विणायच्या डब्यातली बारीक तार उचलली. मी त्याला थांबवले, कारण जेट पितळेचा असतो आणि पोलादी तारेने त्याचे भोक थोडे जरी रुंदावले, तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. विजेच्या जुन्या वायरीतला तांब्याचा एकच तंतू काढून, कार्बोरेटर क्लीनर (३८० रुपये) मारत, तो हळूहळू आरपार नेला. उजेडाचे वर्तुळ दिसले तेव्हा दादाने जेट माझ्या हातून घेऊन स्वतः दोनदा पाहिला.

पेट्रोल पंपाचा पातळ पडदाही उघडला. तो कडक होऊन कडेला सुरकुतला होता, म्हणून पडदे आणि गॅस्केट यांचा संच ९५० रुपयांना आणि नवा फिल्टर १८० रुपयांना घेतला. टाकी ताज्या पेट्रोलने दोनदा विसळली. नवे मिश्रण एका लिटरला २० मिलिलिटर ऑइल या प्रमाणात, म्हणजे १० लिटरला २०० मिलिलिटर, मापाच्या भांड्याने मोजून केले.

संध्याकाळी सहा वाजता ड्रममध्ये तिसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली. पण चोक आत ढकलला की ती गुदमरत होती आणि थ्रॉटल कमी केला की बंद पडत होती. मोठ्या वेगावर ठीक, मंद गतीवर उभी राहत नाही. अंधार झाला म्हणून काम थांबवले. थांबण्यापूर्वी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मागच्या बाजूने जी पाण्याची बारीक धार पडायला हवी, ती पडत नव्हती.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. दादाने किनाऱ्यावरूनच नारळ अर्पण केला. इतरांच्या होड्या निघाल्या, आमची माडाला बांधलेली होती. कामाला हात लावला नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

आधी पाण्याची धार. धार नाही म्हणजे इम्पेलर गेला असे धरून खालचा भाग उघडायची तयारी केली होती. पण बाहेरच्या भोकाकडे नीट पाहिल्यावर ते मातीने लिंपलेले दिसले. कुंभारीण माशीने पावसाळ्यात तिथे घर केले होते. तांब्याची तार घालून माती मोकळी केली, पाण्याची पिचकारी मारली आणि मोटर सुरू करताच कोमट पाण्याची सरळ धार पडली. कोकणात घराबाहेर टांगलेल्या मोटरच्या या भोकात पावसाळ्यापूर्वी कापसाचा बोळा घालून ठेवावा. दोन मिनिटांचे काम आहे.

मग कार्बोरेटर दुसऱ्यांदा काढला. मंद गतीचे पेट्रोल वेगळ्या, छोट्या जेटमधून जाते, हे मला माहीत होते, पण तो जेट गुरुवारी सापडला नव्हता. मुख्य जेटच्या शेजारी एक काळे रबरी बूच आहे. ते मी कार्बोरेटरचाच बंद भाग समजून सोडून दिले होते. बूच चिमट्याने उपटल्यावर आत खोलवर तो जेट दिसला. त्याचे भोक मुख्य जेटपेक्षा कितीतरी बारीक असते आणि म्हणून तेच आधी बंद होते. तांब्याचा एक तंतूही जाईना. क्लीनरमध्ये तासभर बुडवून ठेवला आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने हवा मारून घेतली. पांढरी कणी उडालेली मला दिसली नाही, पण भोकातून आभाळ दिसले.

कार्बोरेटरवरचा हवेचा छोटा स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवून पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांइतका बाहेर घेतला. तो आवळून बसवायचा नसतो, नाहीतर त्याचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. दुपारी मोटर पहिल्या ओढीला सुरू झाली आणि मंद गतीवर पंधरा मिनिटे न अडखळता चालली.

१० ऑगस्ट, रविवार

ओहोटी लागल्यावर खाडीत चाचणीला निघालो. मी, दादा आणि होडीत वल्ही व नांगर. पाऊस थांबला होता, पण वरून आलेल्या पाण्यामुळे कर्लीचा ओघ मुखाकडे जोरात होता. पहिली वीस मिनिटे मोटर उत्तम चालली. मग पूर्ण वेगावर असताना आवाज खाली आला, दोन गचके बसले आणि ती बंद पडली. होडी आडवी होऊन मुखाकडे वाहू लागली. दादाने एक शब्द न बोलता आधी नांगर टाकला, दोर ताणला गेल्याची खात्री केली आणि मगच माझ्याकडे वळून म्हणाला, “फुगो बघ.”

फुगा चपटा होऊन आत ओढला गेला होता. म्हणजे मोटर पेट्रोल मागत होती आणि टाकी ते सोडत नव्हती. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद होता. पाणी शिरण्याच्या धास्तीने तो मीच सकाळी घट्ट आवळला होता आणि निघताना उघडायला विसरलो होतो. स्क्रू फिरवताच टाकीने हवा आत घेतल्याचा फुसकारा ऐकू आला. फुगा फुगला, चार वेळा दाबला, मोटर दुसऱ्या ओढीला सुरू झाली. चूक माझी होती आणि मुखाजवळ, भर ओहोटीत ती महागात पडू शकली असती. नांगर आणि वल्ही नसती तर ही नोंद वेगळी असती. चाचणीला निघतानाही ती सोबत घ्यावीत.

आता मोटरच्या झाकणावर दादाच्या हाताने, रंगाने लिहिले आहे : निघताना स्क्रू उघड, बांधताना बंद.

१६ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर दादा रोज जाऊन आला. तक्रार नाही. आज हिशेब केला. जोड ४५०, प्लग ४४०, कॉइल ३,४००, क्लीनर ३८०, संच ९५०, फिल्टर १८० असे एकूण ५,८०० रुपये झाले, पेट्रोल आणि ऑइल वेगळे. त्यांपैकी कॉइलचे ३,४०० पूर्ण अनाठायी गेले. ती मेणकापडात गुंडाळून ठेवली आहे. प्लगही जुने चालले असते. वेळ मोजला तर २७ जुलै ते १० ऑगस्ट असे पंधरा दिवस आणि माझी रजा. दादाचे हंगामाच्या सुरुवातीचे दिवस बुडाले, ते या हिशेबात धरता येत नाहीत.

पुन्हा असे झाले तर मी क्रम बदलेन. जोड आणि फुगा पाहिला की लगेच कार्बोरेटरखाली ग्लास धरेन. त्याला एक स्क्रूड्रायव्हर आणि पाच मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत. ग्लासात दोन थर दिसले तर ठिणगी तपासण्याआधी टाकी रिकामी करेन. ठिणगी तपासायची ती घासलेल्या बोल्टवरच.

२८ सप्टेंबर, रविवार

मोटर नियमित चालते आहे. दादाने आता दोन सवयी लावून घेतल्या आहेत. तो तीन-चार दिवसांत संपेल एवढेच पेट्रोल मिसळतो आणि दिवसाच्या शेवटी, किनाऱ्याला पोहोचण्यापूर्वी, नळी काढून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत मोटर चालवतो. त्यामुळे किनाऱ्याजवळचे शेवटचे वीस हात वल्ह्याने यावे लागते आणि त्याला त्याचे काही वाटत नाही.

आज वाटीचा स्क्रू पुन्हा सोडून पाहायचा होता, म्हणून सकाळी परतताना त्याने मुद्दाम पेट्रोल संपवले नाही. त्याच चहाच्या ग्लासात ते घेतले आणि कठड्यावर ठेवले. अर्ध्या तासाने दादा आणि मी दोघेही वाकून पाहत होतो. ग्लासात एकच थर होता आणि तळ स्वच्छ दिसत होता.